आमराईत ठोकलेलं जंगल

माझा धाकटा भाऊ बायको-मुलीला घेऊन पहिल्यांदा लखनौला आला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात. अरे, इकडे जूनमध्ये कुणी येत नाही, डिसेंबरात ये, असं मी फोनवर त्याला चारदा सांगितलं होतं. पण डिसेंबरात साताऱ्याचं त्याचं टाइल्सचं दुकान बंद ठेवता येत नाही आणि जूनच्या मध्यावर मुलीची शाळा उघडते. आले बिचारे. पहिले तीन दिवस आमच्या मानक नगरच्या क्वार्टरमध्ये कूलरसमोर बसून काढले. इमामवाडा झाला, चिकनकारीचे कुर्ते झाले. चौथ्या दिवशी संध्याकाळी भावानं फोन माझ्यापुढे धरला.

"ताई, हे बघ. जंगल झिपलाइन. गाइडेड टूर. तुमच्याच इथं, मलिहाबादला."

"मलिहाबादला जंगल नाहीये," मी म्हणाले. "आंब्याच्या बागा आहेत."

"तुला काय माहीत?"

मी इथल्या एका संशोधन संस्थेत वीसेक वर्षं आंब्याच्या रोगांवर काम करते. फांद्या शेंड्याकडून का वाळतात, खोडातून डिंक का गळतो, फळ देठाकडून का सडतं, हे बघायला मलिहाबादच्या बागांमधून इतकी हिंडले आहे की काही बागांतली कुत्रीसुद्धा माझ्यावर भुंकत नाहीत. भावाला हे माहीत आहे. पण तो लहानपणापासून असंच बोलतो आणि मी लहानपणापासून ते चालवून घेत आले आहे.

माझ्या कामामुळे घरच्यांना वाटतं, हिला कशाची किळस येत नसेल. नासलेलं फळ नाकाशी धरून कुठली बुरशी असेल याचा अंदाज मी करते हे खरं. पण प्रयोगशाळेतली घाण काचेच्या बशीत असते, तिच्यावर नंबर असतो. माणसांनी करून ठेवलेली घाण मला सोसत नाही. प्रवासात मी स्वतःचा पेला नेते, लग्नाच्या पंगतीत चमचा पुसून घेते. भाऊ त्यावरून नकला करतो.

त्यानं रविवारची चार तिकिटं काढून टाकली. माझा नवरा रेल्वेत इंजिनियर, त्या आठवड्यात तो कामावर बाहेरगावी होता, त्यामुळे गाडी मीच चालवणार होते. शनिवारी भाजी निवडताना भावजय माझ्याजवळ आली. ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान, अंगानं भरलेली, बोलायला कमी. तिच्या लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाली, पण सणावाराला कशी आहेस, बरी आहे यापलीकडे आमचं बोलणं गेलेलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "ताई, तिथं वजन करतात का हो?"

"कशाला करतील?" मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं.

रविवारी सात वाजता आम्ही तिथं पोचलो तेव्हाच ऊन चावायला लागलं होतं. फाटकावर थर्माकोलचे दोन वाघ होते आणि एकाचा जबडा कुणीतरी तोडून नेला होता. आत शिरताच मला समोर काय दिसलं ते सांगते. जुनी दशहरी आंब्याची बाग होती ती, चांगली साठ-सत्तर वर्षांची झाडं, आणि त्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याला माणसाच्या उंचीपर्यंत ऑइल पेंट फासून त्यावर बिबट्याचे ठिपके काढले होते. पिवळ्यावर काळे. फांद्यांवरून प्लास्टिकच्या वेली सोडलेल्या होत्या, उन्हानं त्या निळसर पडल्या होत्या. मधोमध सिमेंटचा गोरिला बसला होता. कुठल्या तरी झाडावरच्या स्पीकरमधून दर मिनिटाला सिंह डरकाळी फोडत होता आणि डरकाळीच्या शेवटी खर्र असा आवाज येत होता, कारण स्पीकर फाटलेला होता. खाली गळालेली फळं कुणी उचललीच नव्हती. ती आंबून त्यांचा दारूसारखा वास सुटला होता आणि त्यांवर माश्या घोंगावत होत्या.

"आत्या, इथं खरे प्राणी आहेत का?" भाचीनं विचारलं. ती तेरा वर्षांची, चौकस.

खरे प्राणी होते. फाटकाशेजारी पिंजऱ्यात सहा ससे होते. त्यांचे डोळे चिकटलेले होते. भाचीनं जाळीतून बोट घातलं आणि लगेच काढून घेतलं. मी तिच्या हातावर सॅनिटायझर ओतला तेव्हा भाऊ म्हणाला, "झाली सुरू ताई. अजून तिकीटसुद्धा फाडलं नाही."

तिकिटाच्या टेबलाशेजारी एक काटा ठेवला होता. आंब्याच्या पेट्या तोलायचा, लोखंडी पाट्याचा, पाट्यावर वाळलेला रस. तिथं रांग होती. आमचा गाइड तिथंच उभा होता. तिशीचा, हडकुळा, खाकी टोपी, टी-शर्टवर 'रेंजर' लिहिलेलं, आणि गालात पानमसाला. एकेकाला काट्यावर उभं करून तो आकडा मोठ्यानं ओरडायचा, टेबलावरची मुलगी तो वहीत लिहायची आणि मग तो जाड मार्करनं आकडा माणसाच्या मनगटावर लिहायचा. वर पाटी होती: नव्वद किलोपर्यंत.

भावजय माझ्यापुढे होती. तिनं एकदा मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे चल, काही होत नाही अशा अर्थानं. ती काट्यावर चढली.

"बानबे!" गाइड ओरडला. ब्याण्णव. मग मसाला गालातल्या गालात फिरवून म्हणाला, "कोई बात नहीं मैडम, चप्पल का काट देते हैं. लिखो, नवासी."

रांगेतले लोक हसले. ते हसणं तिथंच विरलं असतं. पण माझा भाऊ मागून म्हणाला, "अरे भैया, धरमकाँटा लाना पड़ेगा!" धरमकाँटा म्हणजे ट्रक तोलतात तो. मग रांग खदखदून हसली.

आणि मीही हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. तोंडावर हात नेला हे मला आठवतं. गाइडनं तिच्या मनगटावर ८९ लिहिलं आणि ती काट्यावरून उतरून पदर सारखा करत बाजूला उभी राहिली. साडी नव्हती तिच्या अंगावर. पंजाबी ड्रेसवरची ओढणी होती, पण हात पदर सारखा केल्यासारखाच फिरला.

नंतर हेल्मेट आणि हार्नेस. हार्नेस म्हणजे कमरेला आणि मांड्यांना आवळायचे पट्टे. ते आधीच्या फेरीतल्या लोकांच्या घामानं अजून ओले होते. मांडीला ओला पट्टा लागला तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला. हेल्मेटखाली घालायला निळ्या जाळीच्या टोप्या होत्या आणि मला वाटलं, चला, एवढी तरी अक्कल आहे. मग पाहिलं तर टूरवरून परत आलेले लोक त्याच टोप्या एका बादलीत टाकत होते आणि गाइड त्याच बादलीतून आम्हाला देत होता. मी टोपी घेतली नाही. हेल्मेट उलटं करून बघितलं. आतल्या स्पंजला एक मरून टिकली चिकटलेली होती, तिच्याभोवती तेलाचा डाग.

"दूसरा दीजिए," मी म्हणाले.

"सब एक ही है मैडम," तो म्हणाला, आणि गोरिलाच्या मागे लांब पिंक टाकली.

मी माझा रुमाल डोक्याला बांधून वर हेल्मेट घातलं.

पहिली तार लोखंडी मचाणावरून एका झाडावर जात होती. गाइडनं पाठ केलेलं भाषण म्हटलं: आता आपण घनदाट जंगलात प्रवेश करत आहोत, हात बाहेर काढू नका, जंगलाचा राजा जवळपासच आहे. शेवटच्या वाक्याला सिंह ओरडायला हवा होता, तो उशिरा ओरडला. आधी भाची सुटली, किंचाळत. मग भाऊ, एका हातानं फोन धरून स्वतःचंच चित्रण करत. मग भावजय. मग मी.

खोटं कशाला बोलू, पाय मचाणावरून सुटल्यावर दोन सेकंद मला बरं वाटलं. वारा लागला. मग तोंड एका फांदीच्या पानांतून गेलं. आंब्यावर तुडतुडे पडले की पानांवर गोड चिकटा साचतो आणि त्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते. ते सगळं माझ्या गालांना, ओठांना लागलं. पलीकडे उतरले तेव्हा तोंड चिकट होतं, डोळ्यात कण होता आणि रुमाल हेल्मेटखाली अडकलेला. हार्नेसनं मांडी सोलली होती. झाडावरच्या फळीवर आधीच्या कुणाच्या तरी चिप्सच्या पिशव्या पायात येत होत्या.

दुसरी तार एका नाल्यावरून होती. खाली सिमेंटची मगर होती आणि तिच्याभोवती हिरवं साचलेलं पाणी. पाण्यावर थर्माकोलच्या प्लेटा, लहान मुलांचे वापरलेले डायपर आणि एक मेलेलं कोंबडीचं पिल्लू तरंगत होतं. तारेवरून जाताना हे सगळं अगदी नीट दिसत होतं. "नीचे देखिए, मगरमच्छ!" असं गाइड ओरडत होता, त्यामुळे आपसूक खाली बघितलं जायचं. मी श्वास धरून गेले.

पण त्याच तारेवर एक गोष्ट घडली. भावजय माझ्या आधी गेली होती. वजनामुळे तिला वेग आला आणि ती नाल्यावरून सपकन पार झाली. पलीकडे पोचता पोचता ती हसली. मी तिला इतक्या वर्षांत असं हसताना ऐकलं नव्हतं. पोटातून आलेलं, मोकळं, जरा खरखरीत हसू होतं ते. मी पोचले तेव्हा ती हेल्मेट सरळ करत होती आणि तिचा चेहरा लाल झाला होता. "ताई, काय मस्त वाटतं ना?" ती म्हणाली. मी ओठांवरचा चिकटा बाहीला पुसला. मी म्हणाले, "हो."

यानंतर शिडीनं खाली उतरवून त्यांनी आम्हाला थोडं चालवलं. त्याला 'जंगल ट्रेल' म्हणत होते. शेवटची, सगळ्यात लांब तार दुसऱ्या एका झाडावरून सुटत होती. त्या झाडाला शिडी लावलेली, वर पाच-सहा माणसं उभी राहतील एवढी फळ्यांची माची, आणि माचीखाली खोडात आरपार घातलेले चार जाड बोल्ट. आमच्यामागून आणखी एक कुटुंब येऊन रांगेत उभं राहिलं. भाची आणि भाऊ भराभर शिडी चढून वर गेले. दुसरी एक जोडी आधीच वर होती.

मी खोडाजवळ उभी होते आणि सवयीनं बघत होते. बोल्टांच्या भोकांतून काळा डिंक गळून बिबट्याच्या ठिपक्यांवरून ओघळला होता. तो तर गळणारच. पण खाली मुळाशी लाकडाच्या भुशाचा ढीग होता, वखारीत असतो तसा. म्हणजे खोडकिडा आत होता आणि आजचा नव्हता. ढिगाच्या वर, रंगाच्या थराला फोडून, कानाच्या आकाराची तपकिरी भूछत्रं आली होती. एकावर एक, हाताएवढी. ही भूछत्रं बाहेर दिसतात तेव्हा आतलं लाकूड पुष्कळ आधीच गेलेलं असतं. मी गाडीची किल्ली काढली आणि त्यांच्या बाजूला सालीत दाबली. ओल्या केकमध्ये जावी तशी ती आत गेली. किल्लीचं डोकं सालीला टेकलं तेव्हाच थांबली. बाहेर काढली तर तिला पांढरट लगदा लागला होता आणि कुजकट, ओल्या तळघरासारखा वास आला.

वर माझी भाची होती.

"ये पेड़ अंदर से ख़त्म है," मी गाइडला म्हणाले. "सबको नीचे उतारिए."

"मैडम, दो साल से चल रहा है," तो म्हणाला.

"दो साल में ही तो सड़ा है! ये देखिए." मी किल्ली दाखवली. त्यानं किल्लीकडे बघितलं, झाडाकडे बघितलं आणि म्हणाला, "पेड़ में तो कीड़ा होता ही है."

भावजयीनं तोवर शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता. मी तिच्या हार्नेसचा पट्टा मागून धरला. मग वर बघून भावाला ओरडले, "खाली उतरा सगळे! झाड आतून पोकळ आहे. एवढं वजन त्याला झेपणार नाही!"

वजन हा शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं काय झालं ते. मी म्हणत होते ते माचीवरच्या चार जणांबद्दल. पण माझ्या हातात भावजयीचा पट्टा होता.

भाऊ माचीच्या कडेला आला. फोन त्याच्या हातात होताच, तो त्यानं खाली धरला आणि हसत म्हणाला, "ऐकलंस का गं? ताई म्हणते तू चढलीस तर झाड पडेल!" मग मागच्या कुटुंबाला समजावं म्हणून तेच हिंदीत सांगितलं. "हमारी दीदी साइंटिस्ट हैं. बोल रही हैं, मिसेस चढ़ेंगी तो पेड़ गिर जाएगा!" त्या कुटुंबातले आजोबासुद्धा हसले. गाइड हसला, आणि हसताना त्याचे तांबडे दात मला खालपासून वरपर्यंत दिसले.

"तसं म्हणत नाहीये मी," मी म्हणाले. "अगं, मी झाडाचं बोलतेय. हे बघ, किल्ली बघ."

तिनं किल्लीकडे पाहिलं नाही. "सोडा ताई," ती म्हणाली.

"ऐक माझं."

"सोडा."

मी पट्टा सोडला. ती चढली. जड, एकेक पायरी, मधे दम घेत, आणि वरून भाऊ प्रत्येक पायरीला आकडा मोजत होता, "एक... दो... तीन...". ती माचीवर गेली तेव्हा खोडातल्या एका भोकातून चिमूटभर भुसा खाली सांडला. माझ्या बुटावर पडला. मी दोन्ही हात खोडाला लावले. हे सांगायला मला लाज वाटते, मी इतकी शिकलेली बाई, मी त्या ऑइल पेंट फासलेल्या खोडाला असं धरून उभी राहिले जणू माझ्या हातांनी ते तोलून राहणार होतं. रंग उन्हानं मऊ झाला होता, तळहातांना चिकटत होता. आधी ती जोडी गेली. मग भाची. प्रत्येक जण सुटला की तार ताणली जायची आणि झाडातून एक हलका कटकट आवाज यायचा. मग भाऊ. शेवटी भावजय. तिच्या वेळी आवाज जरा मोठा आला.

झाड उभं राहिलं. काहीही झालं नाही.

मी वर गेले नाही. मागच्या कुटुंबाला जाऊ नका म्हणून सांगितलं. आजोबा म्हणाले, "अरे बेटा, टिकट लिया है," आणि नातवाला शिडीवर चढवलं. पुढे त्यांचं काय झालं ते बघायला मी थांबले नाही. गाइडनं मला चालत बाहेर जायची वाट दाखवली. ती वाट बागेच्या मागून होती. तिथं सगळा कचरा आणून टाकलेला होता. सडकी फळं, प्लेटा, बाटल्या, फाटके हार्नेस, आणि भिंतीच्या कडेला पुरुषांनी लघवी करून पाडलेली ओळ. मी नाकाला रुमाल लावायला गेले तर रुमालाला हेल्मेटाचा वास येत होता.

बाहेर मालक एका मांडवात पंख्याखाली बसले होते. पांढरा कुर्ता, अत्तर, अतिशय अदबीचं बोलणं. मी किल्ली दाखवून सगळं सांगितलं. माझ्या संस्थेचं नाव सांगितलं तसे ते खुर्चीतून उठले आणि मला बसायला खुर्ची दिली. "पेड़ तो हमारे बुज़ुर्गों के हाथ के हैं, मोहतरमा," ते म्हणाले. "हमसे ज़्यादा फ़िक्र किसे होगी?" मग त्यांनी माणसाला हाक मारली आणि दशहरीची एक पेटी मागवली. मी नको म्हणाले. पुन्हा नको म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत, तार संपवून आलेल्या भावानं पेटी उचलून डिकीत ठेवली होती. "ताई, तुझी इथं बरीच वट आहे की," तो म्हणाला.

मी डिकी उघडून पेटी परत द्यायला हवी होती. दिली नाही. उन्हात उभं राहवत नव्हतं, हात चिकट होते, मला फक्त घरी जाऊन आंघोळ करायची होती. पण हे कारण झालं.

परतीच्या रस्त्यावर गाडीत चार जणांच्या अंगाला त्या पट्ट्यांचा वास येत होता. भाऊ माझ्या शेजारी बसला होता. त्यानं शिडीचा व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला होता, आणि फोन टिंग-टिंग करत होता. तो एकेकाचं उत्तर वाचून दाखवत होता. साताऱ्याच्या काकूंनी हसून हसून रडणारे चार चेहरे पाठवले. मामेभावानं लिहिलं, 'झाडाला मदतनिधी द्या.' त्यावर भाऊ मांडीवर थाप मारून हसला.

मी आरशात बघितलं. भावजय खिडकीबाहेर बघत होती. मनगटावरचा आकडा ती दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं घासत होती. तो जात नव्हता.

भाची म्हणाली, "बाबा, डिलीट करा तो."

"अगं, गंमत आहे."

"आईला आवडलेलं नाही."

"आईला विचार. काय गं? राग आला का तुला?"

"नाही," भावजय म्हणाली.

"बघ," भाऊ म्हणाला.

त्याच्या मानेवर घाम होता आणि त्यात एक आंब्याचं वाळलेलं पान चिकटलं होतं. तो हसला की ते पान हलायचं. मी त्या सबंध सकाळी पुष्कळ घाण पाहिली, पण गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला ओकावं असं मला वाटलं ते तेव्हा. तो माझा भाऊ होता. आई नोकरीला जायची तेव्हा मी त्याला भरवलेलं होतं, त्याच्या खोड्या मी झाकलेल्या होत्या, आणि तो शेजारणीची नक्कल करायचा तेव्हा पहिली हसणारी मी असायचे. मी गिअर बदलत राहिले.

घरी आल्यावर भाऊ आंघोळ करून आंबे खायला बसला. दशहरी चोखून खातात हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. रस कोपरापर्यंत ओघळत होता आणि तो एकामागून एक कोयी ताटलीत टाकत होता. "पुढच्या वर्षी परत," तो म्हणाला.

संध्याकाळी मागच्या अंगणात मी आणि भावजय कपडे धूत होतो. मशीनमध्ये ते टाकवत नव्हते, म्हणून बादलीत गरम पाणी आणि डेटॉल घालून हातानं. बराच वेळ आम्ही दोघी घासत होतो. मग मी म्हणाले, "मी खरंच झाडाचं बोलत होते गं."

"माहितेय मला," ती म्हणाली. "भुसा मीपण बघितला ना. आमच्या माहेरी दारात फणस होता, असाच गेला तो. मला कळत होतं."

"मग चढलीस कशाला?"

तिनं भाचीचा टी-शर्ट पिळला. "मी खाली राहिले असते तर ह्यांनी आयुष्यभर सांगितलं असतं, घाबरली म्हणून, जाडी म्हणून. मला वाटलं, पडलं तर पडू दे."

एवढं बोलून ती दुसरा कपडा घ्यायला वाकली. वर तिची मुलगीसुद्धा होती, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण ते मी गिळलं. त्याऐवजी जे बोलायचं सकाळपासून टाळत होते ते म्हणाले.

"वजन केलं तेव्हा मी हसले."

"पाहिलं मी," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. साबण द्या असं म्हणावं तसं ती म्हणाली. मी हात बादलीत तसेच ठेवून बसले. ताईंना सगळ्याची किळस येते, हेल्मेटाची, टोपीची, पिंकेची, आणि त्या काट्यापाशी मात्र ताई हसल्या, हे तिनं पाहिलं होतं आणि दिवसभर काही न बोलता बरोबर वागवलं होतं. दुसऱ्या तारेवरून उतरल्यावर काय मस्त वाटतं ना, असं तिनं मला विचारलं होतं तेही हे पाहिल्यानंतरच.

त्या संध्याकाळी मी घरच्या ग्रुपवर लिहिलं. साध्या शब्दांत लिहिलं: झाड खरोखर कुजलेलं होतं, माझी किल्ली त्यात पूर्ण गेली, वर पाच जण होते, त्यात आपली मुलगी होती. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मीही सकाळी एकदा हसले आणि मला त्याची लाज वाटते. व्हिडिओ काढून टाक. खाली किल्लीचा फोटो टाकला, तिच्या खाचांत अजून लगदा अडकलेला होता. अर्ध्या तासानं काकूंनी हात जोडलेले पाठवले, मामेभावानं काहीच नाही. भावानं व्हिडिओ काढला आणि मला येऊन म्हणाला, "सगळ्यांसमोर लिहायची काय गरज होती?"

"तू सगळ्यांसमोरच टाकला होतास," मी म्हणाले.

दोन दिवसांनी ते परत गेले. स्टेशनवर त्यानं माझ्याकडे न बघता बॅगा चढवल्या. त्याआधी सोमवारीच मी संस्थेच्या कागदावर मालकांना पत्र लिहिलं, त्याची प्रत तहसीलला पाठवली. तहसीलकडून काही आलं नाही. मालकांचा मात्र फोन आला, फार गोड बोलले, पेड़ का इलाज करवा रहे हैं म्हणाले. महिन्याभरानं आमचा एक सहकारी त्या रस्त्यानं गेला होता. त्यानं सांगितलं, ते झाड कापून टाकलंय, बुंधा अजून जमिनीत आहे, आणि तार आता लोखंडी खांबावरून जाते. रविवारी गर्दी होती म्हणाला.

भाऊ माझ्याशी गणपतीपर्यंत बोलला नाही. मग एक दिवस त्याचा फोन आला, आमच्याकडची आरास बघ म्हणून व्हिडिओवर दाखवली. मी छान आहे म्हणाले. त्यानं तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. आता आम्ही पूर्वीसारखं बोलतो, दर आठवड्याला, तब्येत आणि दुकान आणि दाजी कसे आहेत. मधूनच तो कुणाची तरी नक्कल करतो आणि मी फोन कानापासून जरा लांब धरते.

भावजय हल्ली अधूनमधून दुपारी स्वतःहून फोन करते, भाऊ दुकानात असताना. फार काही बोलत नाही. परवा म्हणाली, पोहायच्या क्लासला जातेय, सकाळचा बायकांचा असतो. मी विचारलं, कसं वाटतं? ती म्हणाली, "पाणी घाण असतं ताई, पण जाते."